धूर वरून दिसतो का

मंडणगडच्या बाजारात हिराकाकीची सुकट बायका आधी नाकाशी नेतात आणि मग घेतात. काकीला त्याचा राग येत नाही. उलट ती स्वतःच मूठभर उचलून पुढे करते. "घे, हुंग. धुराचा वास आला तर घेव नको."

जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. उन्हात वाळली की तिची सुकट होते, आणि वाळता वाळता ती आसपासचा कुठलाही वास ओढून घेते. म्हणून खळ्यात जवळा पसरलेला असताना वाऱ्याच्या बाजूला जाळ करायचा नाही, हा बाणकोटच्या आमच्या वाडीत हिराकाकीचा कायदा आहे. कुणी अंगणातला पातेरा-पाचोळा पेटवला, कुणी नारळाची सोडणं धुमसत ठेवली, की काकी पदर खोचून हजर. चिमामावशीनं एकदा डास घालवायला धूर केला होता. काकीनं त्यावर घागरभर पाणी ओतलं, घागर तिथंच ठेवली आणि जाताना म्हणाली, "घासून आणून दे." दोघी मग शिमग्यापर्यंत बोलल्या नव्हत्या.

तिच्या घरात हा कायदा कधी मोडला गेला नाही, कारण तिथं दुसरं माणूस एकच, गंगारामकाका. ते पूर्वी खाडीवरची 'तर', म्हणजे ने-आण करणारी होडी, चालवायचे. अलीकडची माणसं होडीतून खाडीपलीकडे बागमांडल्याला न्यायची, तिकडची इकडे आणायची. मग गाड्या चढवून नेणारी मोठी बोट सुरू झाली, होडीत बसणारं माणूस कमी झालं, आणि त्यानंतर काकांच्या गुडघ्यांनीही हळूहळू काम सोडलं. आता ते धक्क्यावर बसतात. बोटीची वाट बघणाऱ्या पर्यटकांशी गप्पा मारतात. थोडं बोलणं झालं की ठरलेलं वाक्य येतं, "ही आमची खाडी म्हाबळेश्वरावरनं दिसते."

हे त्यांना एका उतारूनं सांगितलं होतं. तरुणपणी कधीतरी त्यांच्या होडीतून एक मास्तर पलीकडे गेले. ते म्हणाले, तुमची ही सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, आणि थंडीत हवा स्वच्छ असेल तर तिथल्या शेवटच्या टोकावरून थेट समुद्र दिसतो. काकांनी मास्तरांचं नाव विचारलं नाही, पण वाक्य जपून ठेवलं. हजारो माणसांना ते सांगितलं. स्वतः मात्र ते कधी महाडच्या पुढं गेले नाहीत. आधी होडी सोडून जाता येईना, नंतर गुडघे.

म्हणून यंदा बचत गटाच्या बायकांची महाबळेश्वरची सहल ठरली तेव्हा सगळ्यांत जास्त गडबड गंगारामकाकांची झाली. काकी जायला तयारच नव्हती. "डोंगरात काय बगायचाय? डोंगरच." काका म्हणाले, "तू डोंगर बगूच नको. पाठ कर डोंगराकडं. आपली खाडी दिसते का तेवढी बग आनि ये."

"आनि नाय दिसली तर?"

मी तेव्हा त्यांच्या ओटीवर होते, सहलीच्या गाडीत कोण कोण ते विचारायला गेले होते. काकांचा चेहरा बघून मला वाटलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नसावा. इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगितलेली गोष्ट खोटी निघाली तर धक्क्यावर बसून बोलायचं काय?

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. समुद्रावर लांबची होडी ओळखायची तर तिचा बावटा बघतात, तशी वरून खाडी ओळखायलाही काहीतरी खूण हवी. त्यांनी धक्क्याच्या टोकाला सोडणं, सुक्या झावळ्या आणि वर ओल्या झावळ्या असा कमरेएवढा ढीग रचला. सूर्य डोक्यावर आला की पेटवायचा. ओल्या झावळ्यांचा पांढरा धूर सरळ वर जातो, तो वरून दिसायलाच हवा. बाणकोट कुठं आणि महाबळेश्वर कुठं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ज्यानं क्षितिजावरच्या ठिपक्यावरून होडी कुणाची ते सांगितलंय, त्याला लांब म्हणजे काय ते आपण काय सांगणार?

काकीनं ढिगाकडं पाहिलं, वाऱ्याकडं पाहिलं. दुपारी वारा समुद्रावरून येतो आणि धक्क्यावरून सरळ तिच्या खळ्यात शिरतो. पण खळं तेव्हा रिकामं होतं, झाडून ठेवलेलं. "पेटवा," ती म्हणाली. तिनं कुणाला जाळ करायची परवानगी दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

पहाटे निघालो. गाडी महाडपासून सावित्रीच्या बाजूनं जायला लागली आणि काकी खिडकीशी सरकली. आमच्याकडं जी खाडी म्हणजे पलीकडचा माणूस ओळखू येणार नाही एवढी रुंद, ती इथं दगडांतून वाट काढत होती. पोलादपूरच्या पुढं तर काकी म्हणाली, "ही ती? हिच्यात तर गुडगं पन भिजायचं नाय." घाट लागला तशा बायका गप्प झाल्या. चिमामावशीनं लिंबू नाकाशी धरून डोळे मिटले. काकीला मात्र काही झालं नाही. वळण आलं की ती होडीत बसल्यासारखी अंग सैल सोडून द्यायची.

"ए हिरा, तुला कायच कसा होत नाय गो?" चिमामावशीनं डोळे न उघडता विचारलं.

"लाटच हाय ही. मातीची."

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात दगडी भिंतीतून नद्या बाहेर येतात. प्रत्येकीच्या माथ्यावर तिचं नाव. काकीला वाचता येत नाही. मी तिला सावित्रीची जागा दाखवली. ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मागं रांग होती, कुणीतरी पुढं चला म्हणत होतं. काकीनं ओंजळ धरली, पाणी प्यायली, आणि माझ्याकडं बघितलं.

"गोडा हाय."

"नदीचं पाणी गोडंच असतं काकी."

"ता म्हायती हाय मला." ती जरा चिडली. "पन आपल्याकडं येस्तवर बिचारीचं काय होतं बग." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिनं आतलं पाणी बाहेर पायरीवर ओतलं, सावित्रीच्या धारेशी जाऊन ती परत भरली आणि झाकण दोनदा घट्ट केलं. काकांसाठी.

तिथून शेवटच्या टोकाला, आर्थर सीटला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. कठड्यापलीकडं जमीन एकदम संपते. खाली इतकं खोल की नजर पोचायला वेळ लागतो. अगदी तळाशी सावित्रीची बारीक रेघ, मध्येच लुप्त होणारी. तिच्या पलीकडं डोंगरामागं डोंगर. पहिला हिरवा, दुसरा निळा, तिसरा राखाडी, आणि मग प्रत्येक पुढचा आधीच्याहून फिका. शेवटी डोंगर कुठं संपतात आणि हवा कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. जिथं समुद्र असायला हवा तिथं नुसता दुधट पडदा होता.

बाजूला कुणालातरी माहिती सांगणारे एक गृहस्थ म्हणाले, "आज नाही दिसायचं. धुरकट आहे. मागच्या पावसानंतर लगेच आला असता तर कोकण सगळं लख्ख होतं."

काकी कठड्याला धरून उभी होती. थंडी होती, पण तिनं शाल डोक्यावरून खाली घेतली होती, कान मोकळे ठेवायला असावं. खालून, दरीतून वारा वर येत होता. कुणीतरी बाटलीचं हलकं झाकण खाली टाकलं तर ते वाऱ्यानं परत वर आणलं, आणि पोरं हसली. काकीनं तोंड वाऱ्याकडं केलं. डोळे मिटले. नाकपुड्या किंचित हलल्या. बाजारात सुकटीची पारख करताना ती जशी वास घेते तसा ती वास घेत होती. समोर दिसत नाही तर निदान धुराचा वास तरी.

"दिसला काय गो नवरा?" चिमामावशी मक्याचं कणीस घेऊन आली. "हात बीत करतोय काय?"

"तू कणीस खा."

"अगो, एवढ्या लांबनं तर देवाला पन दिसायचा नाय."

बाकीच्या बायका फोटो काढायला गेल्या, मग स्ट्रॉबेरीच्या टोपल्यांकडं. मी तिच्याजवळच थांबले. तिनं डोळ्यांवर हाताची झापड केली, समुद्रावर बघताना करतात तशी, आणि त्या दुधट पडद्यात बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. मला तेव्हा वाटलं, ती खाडी शोधत नाहीये. घरी गेल्यावर काय सांगायचं ते शोधतेय.

"लाव फोन," ती अचानक म्हणाली.

रेंज मिळेपर्यंत आम्ही थोडं मागं आलो. काकांनी लगेच उचलला. मी फोन तिच्या कानाशी दिला, पण काका इतक्या मोठ्यानं बोलतात की मला सगळं ऐकू येत होतं.

"पोचलीस?"

"पोचली."

"टोकावर हायस?"

"टोकावरच हाय."

पलीकडं कावळे ओरडत होते. "अगो ऐक," काका म्हणाले, "काय झालं, सकाळी..."

"दिसला," काकी म्हणाली. ऐकलंच नाही तिनं. "धूर दिसला. पांढरा. सरळ वर जात व्हता."

कावळे ओरडत होते.

"ऐकू आला का? खाडी दिसते. मास्तर बोलला ता खरा हाय."

"बरा," काका म्हणाले. मग जरा थांबून, "सरळ गेला ना? वाकला नाय?"

"नाय. सरळ."

"बरा. जेवून घे."

फोन ठेवल्यावर काकीनं माझ्याकडं पाहिलं नाही. शाल परत डोक्यावर घेतली आणि चिमामावशीच्या कणसातलं अर्धं मोडून घेतलं. संध्याकाळी बाजारात ती सगळ्यांच्या पुढं होती. रात्री मुक्कामाच्या खोलीत, एरवी कधी न गाणारी काकी, गौरीची गाणी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आम्ही परत आलो. काकीची पिशवी जड झाली होती, म्हणून मी ती घेऊन तिच्या घरापर्यंत गेले. शेजारच्या येसूबाई ओटीवरून उठून सामोऱ्या आल्या.

"तुमी गेलाव आनि दोन घटकांत होडी लागली," त्या म्हणाल्या. "जवळा नुसता! तुज्या वाट्याच्या भरल्या टोपल्या दारात. मी बोलली, माज्या खळ्यात टाका. गंगाराम ऐकंल तर ना. काल बसून बसून सगळा पसरला त्यानं. सांजचा दवात नको म्हनून गोळा केला, आज परत पसरला. दुपारभर कावळे हाकलत व्हता."

काका खळ्यात खाली बसले होते, गुडघे एका बाजूला घेऊन. खराट्यानं जवळा हळूहळू गोळा करत होते. त्यांच्या पाठीमागं, धक्क्याच्या टोकाला, तो ढीग जसाच्या तसा उभा होता. वरच्या झावळ्या दोन उन्हांत पिवळट पडल्या होत्या. कुठं राख नाही, काळा डाग नाही. खळ्यात जवळा पडल्यावर काकांनी काडी ओढलीच नव्हती.

मी पिशवी कुठं ठेवावी ते न कळून उभी राहिले. काकी ढिगाकडं बघत होती. काका तिच्याकडं बघत होते. मग काकी खळ्यात उतरली, एका कोपऱ्यातली मूठभर सुकट उचलली आणि नाकाशी नेली. तिनं नीट, सावकाश वास घेतला.

"वास नाय लागला," ती म्हणाली.

"कसा लागंल?"

"धूर सरळ गेला ना वर."

काकांच्या तोंडून हसू आधी नाकावाटे बाहेर पडलं. मग काकीला आवरेना. ती तिथंच खळ्यात टेकली, पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता हातानं जवळा परतून बघत होती. "खालनं वल्ला हाय. परतला नाय तुमी."

"वाकता येत नाय मला."

"मंग पसरायला कुनी सांगितलानी?"

काकीनं त्यांच्या हातातला खराटा घेतला. तेवढ्यात मला बाटलीची आठवण झाली. मी ती पिशवीतून काढून काकांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडायला वेळ लावला. एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, खाडीचं पाणी चुकून तोंडात गेलं की माणूस जसा थांबतो तसे थांबले. मग गिळला.

"ही आपलीच?"

"आपलीच," काकी म्हणाली. "वर अशी असते."

त्यांनी दुसरा घोट घेतला नाही. बाटली बंद करून मांडीशी ठेवली, नंतरसाठी. धक्क्याला मोठी बोट लागत होती. गाड्यांचे दिवे, माणसांचे आवाज येत होते. काका तिकडं मान वळवून बघत राहिले.

"पुढल्या थंडीत मीच जातो," ते म्हणाले. "गाडीनं काय, बसूनच जायचाय. मी टोकावर हुबा राहतो, तू पेटव."

काकी गोळा केलेल्या सुकटीवर ताडपत्री ओढत होती. कोपऱ्यावर दगड ठेवत ती म्हणाली,

"खळ्यात जवळा नसला, तर पेटवीन."