भरून जाणारी गोणी

ती घटना आठवली की आजही मी आधी गोंधळतो, मग ओशाळतो.

भोकरदनकडच्या एका डोंगरमाथ्यावर रेडिओचा मनोरा आहे. त्याच्यावर पडलेली वीज जमिनीत जावी म्हणून बुडाशी खड्डा करून तांब्याची पट्टी पुरलेली असते. ती तांब्यासाठी कोणीतरी सारखं उकरतंय, अशी तक्रार घेऊन तिथले नवे इंजिनिअर माझ्या पोलीस ठाण्यात आले. "चौकीदार सामील आहे. तुम्ही तक्रारीत त्याचं नाव घातलंत की त्याला कामावरून कमी करतो," म्हणाले.

त्याच दिवशी डोंगराखालच्या चहावाल्याने खबर दिली, "साहेब, चौकीदार दर हप्त्याला गोणी घेऊन वर जातो. येताना रिकामी."

चोरीत गोणी भरून जाते आणि रिकामी येते, हे मी सबंध नोकरीत ऐकलं नव्हतं. तरी जीप पाठवली आणि चौकीदाराला भर गावातून उचलून आणलं.

"गोणीत काय नेतोस?"

"मीठ, साहेब."

"कशाला?"

"खड्ड्यात टाकायला. जुन्या साहेबांनी सांगितल्तं, मीठ-पाणी टाकत जा, वीज बराबर जमिनीत जाती. पण मीठ टिकूनच न्हाई राह्यलं."

"आणि उकरतं कोण?"

"मला काय म्हाईत. मी खाली पाणी आणायला गेलो की मंगच उकरतेत."

मी डायरीत ऐटीत लिहिलं, 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचनाम्याला वर गेलो. हवालदार टेप लावून खड्डा मोजत होते, तेवढ्यात दहा-बारा शेळ्या आल्या. आमच्या खाकीला न जुमानता थेट खड्ड्यावर. खुरांनी माती उकरली आणि चाटायला लागल्या.

हवालदार गंभीरपणे म्हणाले, "साहेब, हजर झाले आरोपी."

माझं लहानपण शेळ्यांमागे गेलेलं. मिठासाठी शेळी काय करते, ते मला पक्कं ठाऊक होतं. टोपी घातल्यावर विसरलो असेन.

इंजिनिअरसाहेबांशी बोललो. ठाण्यात येऊन चौकीदाराला म्हणालो, "काका, जा घरी. नोकरी शाबूत आहे."

तो उठेना. "जीपमधून नेल्तं मला, सगळ्या गावानं पाह्यलं. आता पायी गेलो तर म्हणतील, जामिनावर सुटला. मी चोर न्हाई, असा कागद द्या."

कपाट धुंडाळलं. अटकेचा, जप्तीचा, जामिनाचा, सगळे नमुने होते. हा नव्हता.

शेवटी त्याला जीपमध्ये पुढे बसवलं, मी मागे बसलो. दिवसाउजेडी त्याच्या ओट्यावर चहा घेतला. शेजारी जमले. मग मीच सांगितलं, चूक माझी होती.

माणसाला उचलून आणायला एक हवालदार पुरतो. त्याला परत गावात नेऊन सोडायला ठाणेदाराला स्वतः जावं लागतं, एवढं मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो.