शहाण्णव टक्के

शाळेच्या ऑफिसात एका बापानं आपल्या नववीतल्या मुलीचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, तेव्हा आम्ही तीन शिक्षक तिथं हजर होतो. हेडसर, मी आणि कानस. तिघांपैकी एकानंही हात पुढं केला नाही. ही गोष्ट कानसची आहे, पण ती स्वतःसुद्धा सांगायला बसली की इथूनच सुरुवात करते, म्हणून मीही इथूनच करते.

कानस हे मुलांनी ठेवलेलं नाव. बावीस वर्षं ती भाषा शिकवत होती आणि निबंधातला एकेक फुगलेला शब्द घासून काढायची. ‘अथांग सागर’ असं कुणी लिहिलं की विचारायची, “तू पाहिलायस का रे समुद्र? नाही ना? मग तळ्याबद्दल लिही. तळं पाहिलंयस.” पोरं रडकुंडीला यायची. मी चित्रकलेची शिक्षिका, स्टाफरूममध्ये तिच्या शेजारच्याच टेबलावर बसते. मला चहा आणून दिला तरी कपाची कड पुसून द्यायची, असला तिचा काटेकोरपणा.

शाळेत एआय आलं तेव्हा बाकीचे नाक मुरडत होते, ही मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागली. वाचनात कच्च्या असलेल्या मुलांसाठी एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घ्यायची आणि मग प्रत्येक ओळ तपासायची. एकदा एआयनं एका कवीच्या नावावर त्यानं कधीच न लिहिलेल्या चार ओळी खपवल्या, तेव्हा सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “इतकं छातीठोक खोटं बोलतो, याला एखाद्या संमेलनाचा अध्यक्षच करायला हवं.”

लिहिणाऱ्या यंत्राची प्रत्येक ओळ तपासणारी ही बाई, पण तपासणाऱ्या यंत्राला मात्र तिनं कधी तपासलं नाही. घोळ झाला तो तिथंच.

त्या वर्षी शाळेनं ‘तपासनीस’ नावाची एक सोय घेतली होती. मुलांचा निबंध टाइप करून टाकायचा, की तो मुलानं लिहिलाय की यंत्रानं, हे टक्क्यांत सांगणार. हेडसरांनी नियम काढला: ऐंशीच्या वर आकडा आला की पालकांना बोलवायचं, वर्गशिक्षकानं अहवालावर सही करायची.

टाचणी, हेही मुलांनीच ठेवलेलं नाव, ही कानसच्या वर्गातली मुलगी. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. निबंधाचा विषय होता ‘आमच्या घरातली एक वस्तू’. टाचणीनं रेडिओवर लिहिलं होतं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत: ‘बाबा आधी आवाज वाढवतात, मग उठतात. रेडिओ मोठा झाला की शेजारचे आपली खिडकी लावून घेतात.’

अख्ख्या निबंधात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, एक शब्द जास्तीचा नव्हता. कानसनं तो वाचला आणि तिच्या अंगावर काटा आला, असं ती सांगते. मग तिनं आकडा पाहिला. शहाण्णव टक्के, लाल पट्टीत.

“त्या क्षणी माझा काटा बसला,” कानस म्हणते. “यंत्रानं लिहिलंय म्हटल्यावर आतलं काहीच खरं नाही, असं मी धरून चालले. उलट मला रागच आला. आपल्याला हिनं रडवलं आणि तेही उसन्या शब्दांनी!”

तिनं सही केली. मंगळवारी अकरा वाजता बापाला बोलावलं.

बाप गॅरेजमध्ये गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा. नीटनेटका माणूस, हात धुऊन आला होता. मी प्रदर्शनाच्या कागदावर हेडसरांची सही घ्यायला तिथं गेले होते. हेडसरांनी निबंध त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “हे तिचं स्वतःचं नाही. मशीनकडून लिहून घेतलंय.”

तो सावकाश वाचत गेला. वाचून झाल्यावर हसला. “मशीनच्या डोक्यात बरंच येतं की हो!” असं म्हणाला आणि उठला. टाचणी कपाटाला टेकून उभी होती. त्यानं तिची मान मागून पकडली आणि कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग हँडलवर. तिच्या नाकातून रक्त आलं, ते हेडसरांच्या टेबलावरच्या हजेरीपुस्तकावर उडालं. तो आम्हा तिघांकडं बघून म्हणाला, “माफ करा, घरचं वळण कमी पडलं.”

हेडसर म्हणाले, “अहो, जे काय आहे ते घरी बोला.”

आणि तो तिला घरी घेऊन गेला.

टाचणी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी माझ्या तासाला ती डाव्या हातानं ब्रश धरत होती. मी तिचा उजवा हात बाकाखालून वर घेतला. तर्जनी आणि मधलं बोट काळीनिळी पडून वाकडी झाली होती. लिहायची बोटं.

“जिन्यावरून पडले,” ती म्हणाली.

मी तिला शेजारच्या खोलीत नर्सबाईंकडं बसवलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन कानसला सांगितलं. ती वह्या तपासत होती. पेन ठेवलं, निबंध काढला आणि पुन्हा वाचायला लागली. अर्ध्यावर येऊन तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“अगं, मी हे वाचलं होतं,” ती म्हणाली. “वाचलं होतं मी.”

मग तिनं जे केलं ते तिनं सही करण्याआधीच करायला हवं होतं, हे तीच सांगते. तिचा स्वतःचा लेख, शाळेच्या अंकात बावीस वर्षांपूर्वी छापलेला, कॉम्प्युटरवर एआय हा शब्दही नसतानाचा, तिनं ओळ न् ओळ टाइप करून तपासनीसाला दिला. एक्याण्णव टक्के यंत्राचा! मग हेडसरांचं स्नेहसंमेलनाचं भाषण टाकलं. ते सगळंच्या सगळं एआयकडून लिहून घेतलेलं, संगणकाच्या सरांनी आमच्यासमोर छापून दिलेलं. त्याला मिळाले चार टक्के.

ती दोन्ही कागद घेऊन ऑफिसात गेली. हेडसर म्हणाले, “झालं गेलं. आता उकरून काय मिळणार? शाळेचं नाव खराब होईल.”

“मुलीची बोटं मोडलीत, सर.”

“ती पडली म्हणते ना?”

कानस बाहेर आली आणि तिनं एआयलाच विचारलं. मी शेजारी होते. आधी नुसतं लिहिलं: विद्यार्थिनीला घरी त्रास असावा, काय करू? त्यानं गोड भाषेत सल्ला दिला की पालक आणि मुलगी यांना समोरासमोर बसवून चर्चा करा. कानस फाडकन म्हणाली, “याला काय ठाऊक त्या माणसाचे हात कसे आहेत!” मग तिनं काहीच झाकून न ठेवता, पण मुलीचं आणि शाळेचं नाव न देता, सगळं लिहिलं. आता उत्तर बदललं. बापाला कळू देऊ नका. मुलीला एकटीला, शांतपणे विचारा. तिच्या तोंडात शब्द घालू नका. ती जे बोलेल ते तसंच्या तसं, तारीख घालून लिहा. बालसंरक्षण अधिकाऱ्याला आजच कळवा. खाली एक फोन नंबरही दिला. कानसनं तो फिरवला, तर कुठल्यातरी छापखान्यात लागला. खरा नंबर नर्सबाईंनी दिला.

“सल्ला बरा होता, नंबर खोटा,” कानस म्हणाली. “दोन्ही एकाच तोंडानं सांगतो. निवडायचं आपण.”

ती टाचणीजवळ जाऊन बसली. आधी माफी मागितली. टाचणीनं एवढंच विचारलं, “बाई, तुम्ही वाचलं होतं ना? मग?”

कानस उठून गेली नाही. तासाभरानं टाचणी बोलायला लागली. आईचा फुटलेला कानाचा पडदा, इस्त्रीचा चटका, दाराच्या फटीत धरून मोडलेली ही बोटं. कानस लिहीत गेली. दुपारी अधिकारीबाई आल्या आणि टाचणीला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथूनच आईला फोन केला. संध्याकाळपर्यंत मायलेकी टाचणीच्या मावशीकडं पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला बाप आला. या वेळी हात धुतलेले नव्हते. हातात पत्रा ठोकायचा हातोडा होता.

शिपाईमामा आडवे गेले, त्यांच्या खांद्यावर पहिला घाव बसला. मग स्टाफरूमची काच, मग संगणकाचा पडदा. तो ओरडत होता, “कुठंय ती? कुठंय ती मास्तरीण?” कानस नववीच्या वर्गात शिकवत होती. तिनं मुलांना मागच्या दारानं मैदानात पिटाळलं आणि शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत स्वतः पुढच्या दारात उभी राहिली. त्यानं तिचे केस धरून तिला फळ्यावर फेकलं. फळ्याच्या कडेवर तोंड आपटून तिचे दोन दात पडले. तो हातोडा घेऊन तिच्यावर वाकला, तिनं हात वर केला, आणि तिचं गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. एवढं होऊनही तिनं त्याच्या पायाला मिठी मारली होती. मुलांच्या मागं तो जाऊ नये म्हणून.

माझ्या हाताला फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी कंपास लागला. मी जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. मी तो त्याच्या मनगटावर घातला. हातोडा पडला. मग डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला. तिसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. तरी मारला. ऑफिसात जे केलं नाही ते सगळं त्या तिसऱ्या फटक्यात होतं, आणि मला त्याचा पस्तावा होत नाही, याचीच कधीकधी भीती वाटते.

खटला उभा राहिला तेव्हा खरी कसोटी लागली. शाळेतल्या हल्ल्याला पुरावा होता. पण घरातल्या मारहाणीबद्दल बापाच्या वकिलानं शांतपणे एक कागद पुढं केला: शाळेचा अहवाल, शहाण्णव टक्के. “ही रेडिओची कथा यंत्रानं रचली. मुलीनं ती उचलली आणि पुढं तीच खरी म्हणून सांगत सुटली. खाली सही कुणाची आहे, बाई?”

कानस उभी राहिली. खांदा अजून पट्टीत, बोलताना दातांच्या फटीतून हवा जायची.

“सही माझी आहे. आणि चूकही माझी आहे,” ती म्हणाली. “हा आकडा म्हणजे अंदाज आहे, साहेब, आणि मी तो निकाल समजून बसले. माझा स्वतःचा बावीस वर्षांपूर्वीचा लेख याच यंत्रानं एक्याण्णव टक्के यंत्राचा ठरवलाय. इथं छापील अंक आहे, ताडून बघा.”

“म्हणजे तुम्ही तेव्हा चुकलात आणि आता बरोबर आहात, असं कशावरून?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे बघा.”

तिनं टाचणीची कच्ची वही पुढं केली. मागच्या पानांवर तोच निबंध सात वेळा लिहिलेला होता. पहिल्या खेपेला दीड पान, त्यात ‘रेडिओ’ची वेलांटीसुद्धा चुकलेली. दुसऱ्या खेपेला अर्धं पान खोडलेलं. ‘बाबा चिडतात’ खोडून ‘बाबा मारतात’, तेही खोडून शेवटी ‘मग उठतात’. बावीस वर्षं कानस पोरांना जे सांगत आली होती, ते या एका मुलीनं अक्षरशः केलं होतं. शब्द घासून घासून इतके लख्ख केले होते की यंत्राला ते माणसाचे वाटले नाहीत.

न्यायाधीशांनी ती सात पानं स्वतः वाचली. बराच वेळ लागला. बापाला पाच वर्षांची शिक्षा झाली.

शाळेनं पालकांना बोलावण्याचा तो नियम मागं घेतला. हेडसरांची बदली झाली, वर आणखी मोठ्या शाळेत. कानसचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून फळ्यावर मुलंच लिहितात. एआय तिनं सोडलं नाही. दर शुक्रवारी एक तास ती त्याच्याकडून निबंध लिहून घेते आणि मुलांना त्यातल्या थापा आणि फुगवटा शोधायला लावते. आकड्यांकडं बघत नाही. कुठल्या वहीबद्दल शंका आली, तर ते पोर शेजारी बसतं, कच्ची पानं काढतं आणि सांगतं हे वाक्य कुठून सुचलं. मात्र सगळ्यात आधी ती मजकूर वाचते, तो खराच असणार असं धरून. वर्गातल्या चाळीसही वह्या ती अशाच वाचते. वेळ फार लागतो. नवीन शिक्षक कुरकुर करतात.

टाचणीनं शाळा बदलली. एक बोट वाकडंच राहिलंय म्हणे. कानसनं तिला एक पत्र लिहिलं होतं, सात-आठ वेळा खोडून. उत्तर आलं नाही.

“येणार नाही,” कानस म्हणाली. “आणि का यावं?”