क्रोमच्या टाकीवरचा पंखा

"नाकाचं काय बघायचंय साहेब? वास बराबर येतोय मला." भिकूने तोंड फिरवलं. मी टॉर्च घेऊन त्याच्यासमोर तसाच उभा.

चिंचवड स्टेशनजवळचा सायकलचे पार्ट बनवणारा एक कारखाना. मी सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर, नोकरीत नवा. पन्नासच्या दशकातली गोष्ट.

सायकलच्या हँडलला आरशासारखी चकाकी असते, ती क्रोमची. हँडल क्रोमिक ॲसिडच्या टाकीत बुडवायचं आणि करंट सोडायचा. मग टाकीत बुडबुडे येतात, फुटतात आणि ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. ते रोज नाकात गेले की मधल्या पडद्याला जखम होते, पुढे आरपार भोक पडतं. दुखत मात्र नाही. म्हणून कुणी बोलत नाही.

भिकू ताथवड्याचा, दोन लेकरांचा बाप. शेवटी त्याने नाक वर केलं. आत खपली होती.

"डाक्टरकडं नका धाडू साहेब. ते काम बंद करत्यात."

त्याची भीती खोटी नव्हती. सरकारी डॉक्टरला तो अधिकार होता.

मी मात्र वेगळ्याच कारणाने चक्रावलो होतो. टाकीच्या डोक्यावर पत्र्याचा हूड होता, त्यात एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. मागच्या तपासणीत मीच तो बसवायला लावला होता आणि नंतर येऊन 'समाधानकारक' असा शेराही मारला होता.

मालक देवधर आले. "तुम्ही म्हणालात तसाच पंखा बसवला. आता काय राहिलं?"

"तुम्ही तो बंद ठेवत असणार."

"न्हाई साहेब, एक दिवस बी बंद नव्हता," बाजूला उभे असलेले उस्मानभाई म्हणाले. ते प्लेटिंगचे, म्हणजे क्रोम चढवण्याच्या कामाचे मुकादम, मिरजेहून आलेले. त्यांच्या स्वतःच्या नाकाला जुन्या कारखान्यातलं भोक होतं. "पंखा ओढतो. पण कुठून ओढतो, ते बघितलंत का?"

त्यांनी करंट बंद करायला लावला आणि भिकूला नेहमीच्या जागी वाकून उभं केलं. मग चार उदबत्त्या पेटवून टाकीच्या काठाशी धरल्या. धूर सरळ वर निघाला, भिकूच्या तोंडावरून गेला आणि मगच हूडमध्ये शिरला.

"पाहुणा आधी भिकूकडं जेवतो, मग पंख्याकडं जातो," उस्मानभाई म्हणाले.

माझे कान तापले. "मागच्या वेळी का नाही बोललात?"

"तुमी पंखा बघत होता साहेब. आमाला कुणी इचारलं न्हाई."

उपाय सोपा होता. ओढ डोक्यावर नको, टाकीच्या काठावर हवी. म्हणजे तुषार वर येण्याआधीच आडवे खेचले जातील. देवधर कुरकुरले, "दोन दिवस टाकी बंद? ऑर्डर पडून आहेत."

"भिकू गेला तर त्याच्यासारखं हँडल कोण काढणार?" उस्मानभाईंनी विचारलं. दुसऱ्या दिवशी पत्रेवाला हजर होता.

टाकीच्या दोन्ही लांब काठांना, आतून शिशाचा थर दिलेल्या पत्र्याची पेटी बसवली. पेटीला टाकीकडे तोंड करून लांब फट, आणि मागून पंख्यापर्यंत नळ. पहिल्या दिवशी उदबत्तीचा धूर मधूनच वर निसटला. फट अरुंद केली, तरी निसटला. मग मोठा पंखा लावला. तेव्हा मात्र धूर टाकीवर आडवा झाला आणि फटीत गेला. भिकू हसला.

त्याला डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन गेलो. जखम भरेपर्यंत तो पॅकिंगला राहील, हे देवधरांकडून आधी लिहून घेतलं होतं. पावणेदोन महिन्यांनी तो परत टाकीवर आला. पुढची तीन वर्षं मी तिथे जात होतो. नव्या माणसांपैकी कुणाचंही नाक बिघडलं नाही. उस्मानभाईंचं भोक तसंच राहिलं. पडद्याला एकदा भोक पडलं की ते भरून येत नाही.

'समाधानकारक' हा शेरा पुढेही मी पुष्कळदा लिहिला. पण लिहिण्याआधी कामगाराच्या जागी स्वतः वाकून उभा राहायचो.