तीन नंबरचा कॉक

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं आहे आणि कॉक सात. बोरगाव मेघेत घर बांधलं त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी सातपैकी एकाही कॉकला हात लावला नव्हता. गॅस माझा, कॉक यांचे, अशी वाटणी होती. ती कोणी केली ते आठवत नाही, पण तिच्यावरून भांडण कधी झालं नाही. भांडायला आम्हा नवरा-बायकोला दुसरे विषय पुष्कळ होते.

नळाचं पाणी गोडं, ते एक दिवसाआड येतं. बोअरचं खारं, ते केव्हाही मिळतं. गोड्या पाण्यात चहा, स्वयंपाक, पिणं. खाऱ्यात आंघोळ, धुणं आणि बाकी सगळं. गच्चीवर दोन काळ्या टाक्या, दोघींचं पाणी वेगळं. वेगळं ठेवावंच लागतं, कारण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही शिट्ट्या द्या, दाणे कुकरात जसेच्या तसे.

हे सगळे पाइप यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतले. नाचणगावहून एक मिस्त्री आला होता, भला माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. आमचं किराण्याचं दुकान. वजनकाट्यापुढे आयुष्य काढलेला माणूस डोक्यावर उभा राहून पाइप वितीवितीने मोजायला लागला तर कोणता मिस्त्री थांबेल? उरलेलं काम यांनीच केलं. म्हणून आमचे कॉक जिथं असायला पाहिजेत तिथं नाहीत, जिथं यांचा हात पोचला तिथं आहेत.

परवाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी यांना बायपास सांगितलं. तारीख मिळाली त्या दिवशी हे घरी आले, चहा घेतला, आणि लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन गच्चीवर गेले. तासाभराने खाली आले तेव्हा सात कॉकांना सात नंबर पडले होते आणि पायजमा वाया गेला होता. मला म्हणाले, वर चल, कोणता कशाचा ते सांगून ठेवतो.

"काऊन? तुम्ही कुठं चालले?"

"दवाखान्यात."

"मंग वापस आल्यावर सांगजा."

खरं सांगते, मला भीती वाटत होती. हा माणूस मला कॉक शिकवायला नव्हता निघाला, आवराआवर करायला निघाला होता. मला सातही कॉक आले की हा मोकळा होईल आणि टेबलावरून परत येणारच नाही, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. वेडेपणा आहे, मला कळतं. बी.ए. आहे मी. पण बसलं ते बसलं.

आठ दिवस मी गच्चीवर गेले नाही. एक दिवस फोडणी होती, एक दिवस उपास, एक दिवस नुसतंच डोकं दुखत होतं. मग यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुरुवात केली. पहिले मेन कॉक बंद करायचा, मग पाना हातात घ्यायचा. टेफ्लॉनची पट्टी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर नळ कसताना उकलते. नळ ठिबकला तर नळ बदलायचा नाही, वायसर बदलायचा. ठिबकतो म्हणून जोर लावून आवळायचा तर मुळीच नाही, त्यानं वायसर मरतो. आणि कॉक महिन्यातून एकदा फिरवायचे, नाहीतर जाम होतात. मी मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काही नव्हतं. हे तो बंद होईपर्यंत थांबले आणि वायसरपासून पुन्हा सुरू झाले.

ऑपरेशन नीट झालं. मुलगा पुण्याहून आला होता. पाचव्या दिवशी त्याने मला आंघोळीला आणि चार तास झोपायला म्हणून घरी पाठवलं. इकडे स्वयंपाकघरातला नळ कोरडा. घर बंद राहणार म्हणून हे जाताना वरून सगळं बंद करून गेले होते. मी गच्चीवर गेले. सात नंबर, एकसारखे, सुरेख काढलेले, आणि दुसरं काही नाही. कोणता कशाचा ते तोंडी सांगायचं होतं आणि मी ऐकायला गेले नव्हते.

फोन करून विचारता आलं असतं. पण छातीला टाके घातलेल्या माणसाला काय विचारायचं? आणि आठ दिवस ज्याला नाही म्हटलं तेच कोणत्या तोंडानं विचारायचं? त्यापेक्षा मी सातही उघडले. रागारागाने, एकेक करून. तीन नंबरचा फारच जड होता, त्याला पाना लावला. खाली आले तर नळाला धो धो पाणी. एवढंच होतं तर आठ दिवस एवढा बाऊ कशाला केला, असंही मी यांना मनातल्या मनात म्हणून घेतलं.

मग दोन दिवस घरून दवाखान्यात नेलेला थर्मासातला चहा कसातरीच लागत होता. मी दूधवाल्याला फैलावर घेतलं. त्याने म्हशीची शपथ घेतली. मी म्हटलं, म्हशीला मध्ये आणू नको.

यांना घरी सोडणार त्या सकाळी मी वरणासाठी डाळ लावली. नऊ शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर डाळ वेगळी, पाणी वेगळं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीन नंबरचा कॉक दोन टाक्यांच्या मधला होता, कधीच न उघडायचा. बोअरचं पाणी गोड्या टाकीत जाऊन बसलं होतं. मी ओट्याखाली फरशीवर बसून रडले. डाळीचं मला काही नव्हतं. डॉक्टरांनी दीड महिना जिना चढू नका म्हणून बजावलं होतं, आणि तीन नंबर उघडा आहे हे कळल्यावर हा माणूस खाली बसणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. टाके उसवले तर ते माझ्या हट्टापायी उसवणार होते.

चिमूटभर सोडा टाकून, घोटून घोटून वरण केलं. हे आले, हात धुतले, पाटावर बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसले. पहिला घास घेतला.

"तीन नंबर उघडा हाये," ते म्हणाले.

घरी आल्यावरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. मुलगा हसला. हे मात्र ताट सरकवून उठले आणि पाना कुठं आहे म्हणून विचारू लागले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, पाय ठेवून पाहा, आजच माहेरी जाते. गिरडला माझ्या माहेरी आता कोणी राहत नाही, घराला कुलूप आहे, हे त्यांनाही माहीत आहे. तरी थांबले.

मुलाने त्यांची खुर्ची अंगणात मांडली आणि तो औषधं आणायला गेला. हे खाली, छातीशी उशी धरलेली; मी वर, हातात पाना. पहिला कॉक गोड्या टाकीत पाणी येण्याचा, त्यांनी खालून सांगितलं. दुसरा तिथून स्वयंपाकघरात जाण्याचा. तिसरा त्यांनी सांगायच्या आधीच मी बंद केला, घट्ट. मग टाकीचं बूच काढून पाणी सोडून दिलं. चौथ्यावर हात ठेवला आणि खालून आवाज येईना. काही दुखलं की काय म्हणून मी कठड्यावरून वाकून पाहिलं. हे वर बघत नव्हते, समोरच्या बादलीकडे बघत होते.

"टेबलावर घेतलं तवा सगळे म्हणत होते, देवाचं नाव घ्या," ते म्हणाले. "मले तेही नाई आठवलं. हिले एकही कॉक येत नाई, आता मरून जमणार नाई, एवढंच आठवलं."

मी टाकीच्या आड जाऊन बसले. ज्या गोष्टीला घाबरून मी आठ दिवस मिक्सर फिरवला, तीच हा माणूस टेबलावर धरून बसला होता. बराच वेळ डोळे पुसले. मग उठून चौथ्या कॉकवरचा हात काढून घेतला आणि कठड्याशी आले.

"ऐका," मी म्हटलं. "मले एका वर्षात एकच येते. यंदा तीन नंबर झाला. चार नंबर पुढच्या वर्षी शिकवजा."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"मंग त्याले आताच तेल देऊन ठेवजो," ते म्हणाले. "वर्षभरात जाम होईन."