नीमाचे पप्पा न्यायला येणार होते

मुलींच्या होस्टेलवर अकरा वर्षं मेट्रनकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. न्हाणीघराच्या जाळीत केस साठतात तसे ते साठतात. आज साफ करा, आठवड्यानं पुन्हा तेवढेच! आमची शाळा भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात. गेट मोठं, मोबाईलला रेंज नाही. सुट्टीला हिर्डोशीला घरी गेले की शेजारणी ओट्यावर येऊन बसतात. "बाई, शाळंतलं कायतरी सांगा की!" मी सांगते, त्या खिदळतात. नीमाचं सांगायला घेतलं की मात्र एखादी मधेच उठते, म्हणते, "दूध उतू जाईल गं माझं."

नीमा टांझानियाची. बारा वर्षांची आली. आई वारलेली, घरात नवी आई आणि तान्हं बाळ. वडील ट्रॅक्टरचे पार्ट न्यायला पुण्यात यायचे, त्यांनी ही शाळा शोधली. सोडायला आले तेव्हा गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. म्हणाले, "दिवाळीला न्यायला येतो."

* * *

दिवाळी म्हणजे काय हे पोरीला माहीत नव्हतं. पण ती कधी आहे, हे तिनं सगळ्या शाळेला विचारलं! मला, मुख्याध्यापक सरांना, ड्रायव्हरला. तानाजी आचाऱ्याला तर रोज नाश्त्याला. शेवटी तानाजीनं कॅलेंडर भिंतीवरून काढून तिच्या हातातच दिलं. "घे बाई! आता तूच सांग आमाला, दिवाळी कवा हाय ती."

कपाट दिलं होतं, पण ती बॅग रिकामी करीना. रोजचे कपडे बॅगेतून काढायचे आणि चेन लावून बॅग पुन्हा पलंगाखाली सारायची. मी करवादले, "कपाट काय पूजेला ठेवलंय?"

ती म्हणाली, "मॅम, पप्पा आले की उशीर नको व्हायला."

* * *

दिवाळीला गेटवर सकाळपासून उभी. एकेक गाडी येऊन पोरी घेऊन गेली. दुपारी ऑफिसात फोन आला. काम निघालं, मे महिन्यात नक्की.

मग मी तिला हिर्डोशीला घेऊन गेले. भोरमधून पुढची एसटी आलीच नाही. एका टेम्पोनं अर्ध्या वाटेत सोडलं, तिथून चालत. घरी पोचलो तर अर्धा गाव बघायला! सासूबाईंनी तिच्या बारीक बारीक वेण्या बोटांनी चाचपल्या आणि मला विचारलं, "आई न्हाई म्हन्तीस, मग एवढ्या कुनी घातल्या गं?" मी हे काही तिला इंग्रजीत सांगितलं नाही.

सासूबाईंनी नाचणीची आंबील दिली. पोरीनं एक घोट घेतला आणि थांबली. वाटीत बघत म्हणाली, "माझी आई हेच करायची." त्यांच्याकडेही नाचणी होते, हे आम्हाला काय ठाऊक! मग जी रडायला लागली, ती वाटीतच.

सासूबाई पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाल्या, "रड बाई. तसं बी म्या मीठ घालाया इसरलेच व्हते."

* * *

वर्षभरात पोरगी मराठी शिकली. पुस्तकातली नाही, तानाजीची! एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे भोरला नेली. परतीच्या एसटीत मागच्या सीटवर दोघी बायकांची कुजबुज चालली होती, केस खरे असतील का खोटे. नीमानं मान वळवली.

"काकू, लावा की हात. चावत न्हाई!"

सगळी एसटी हसली. कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरला. मलाही त्या दिवशी लई कौतुक वाटलं. आता पोरगी रुळली, असं मी सरांना सांगितलंसुद्धा. माझी अक्कल ती!

* * *

आमच्याकडे वर्षातून एकदा मुलं आईवडिलांचे पाय धुतात. मंडप, पाट, तांब्याची घंगाळी, सगळं साग्रसंगीत. सर म्हणाले, "एकही मूल वगळायचं नाही. नीमासाठी मेट्रन आणि वॉचमन बसतील."

वॉचमन म्हणजे भोरचे आमचे चाचा. साठीचे, पाच वेळ नमाज पढणारे. आणि मी जरीची साडी नेसून त्यांच्या शेजारी, जोड्यानं! चाचा घामाघूम. पुटपुटत होते, "बाई, घरी कळलं तर आमची काही खैर नाही." मी म्हटलं, "माझी तरी कुठं हाय?"

सगळा मंडप हसत होता. नीमा हसली नाही. तिनं चाचांचे बूट काढले, फाटका मोजा काढून बुटात नीट लपवला आणि भेगाळलेली पावलं अंगठ्यापर्यंत चोळून धुतली. चाचा टोपी डोळ्यांवर ओढून बसले. माझे पाय धुताना ती वर बघेल म्हणून मी मंडपाच्या कापडाकडेच बघत राहिले.

सरांनी ऑफिसातल्या वायफायवरून फोटो तिच्या पप्पांना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं. अंगठा!

* * *

पहिला मे गेला, दुसरी दिवाळी गेली, दुसरा मेसुद्धा. त्या मेमध्ये ती गेटवर गेलीच नाही. तिनं बॅग ओढली, सगळे कपडे काढले, घड्या घालून कपाटात लावले आणि रिकामी बॅग माझ्याकडे आणली. "स्टोअरमध्ये ठेवा, मावशी. पलंगाखाली झाडू नीट फिरत न्हाई."

प्रगतिपुस्तकात सरांनी लिहिलं, 'शाळेत उत्तम रमली आहे.' खाली होस्टेलच्या रकान्यात सही माझी. हात मोडला नाही माझा.

* * *

पुढच्या जूनला पाचवीची एक चिमुरडी आली, नुसती रड रड रडायची. नीमा तिला न्हाणीघराकडे घेऊन गेली. मी दाराआड टॉवेल मोजत होते.

"हितं रडायचं," नीमा तिला समजावत होती. "पण आधी नळ पूर्ण सोडायचा. मग मावशीला ऐकू जात न्हाई."

दोन वर्षं मी त्या पोरीला ओरडत होते, "केवढं पाणी घालवतेस! टाकी काय तुझ्या बापाची हाय?"

* * *

आणि नववीची परीक्षा संपली त्या दिवशी पप्पा आले!

वाटेतल्या कापूरहोळवरून त्यांनी ऑफिसात फोन केला आणि अख्ख्या शाळेत बातमी पसरली. तानाजीनं शिरा केला. चाचांनी गेट अर्धा तास आधीच उघडून ठेवलं. मी नीमाचे केस विंचरायला घेतले, तर मीच भांग दोनदा वाकडा पाडला. ती शांत.

माणूस वाईट नव्हता हो. थकलेला होता. व्हिजिटर रूममध्ये खुर्चीच्या काठावर बसला होता, हातात विमानाची दोन तिकिटं. तिला बघून उठला आणि तिकिटं पुढे केली. मग म्हणाला, "तुला घरी न्यायला आलोय. आत्ताच निघू."

आम्ही सगळे व्हरांड्यात, खिडकीला लागून. जा गं बाई, जा, मी मनात घोकत होते.

नीमानं पंखा लावला. माठातलं पाणी आणलं, तांब्याखाली हात धरून दोन्ही हातांनी त्यांना दिलं. पिऊन होईपर्यंत अदबीनं उभी राहिली. मग दारात आली आणि मला हळूच म्हणाली,

"मावशी, पावन्यांसाठी च्या टाका. त्यांना लई लांब जायाचंय."