खोलीचा मेन स्विच

कोयनानगरच्या आमच्या दवाखान्यातून हृदयाचे आलेख साताऱ्याच्या डॉक्टरांकडे जायचे. घाटात इंटरनेटची वायर तुटली की सगळं अडायचं. म्हणून दुसरी लाइन घेतली, आणि दोन्हींतली चालू वाट निवडणारा कॉम्प्युटर बसवायला कडेगावची एक बाई आली. उजव्या हातातल्या बांगड्या काढून तिनं खिडकीच्या कडीला अडकवल्या आणि टाइप करायला बसली. समोरचा चहा निवून गेला.

दुपारी पहिला आलेख साताऱ्याला पोचला. मी म्हटलं, "झालं की!" तर ती उठली आणि तिनं खोलीचा मेन स्विच पाडला.

"अहो, बाहेर पेशंट बसलेत!" मी ओरडलोच.

"पेशंट बसल्यावर तुमच्यात लाइट जात न्हाई व्हय?"

स्विच वर केल्यावर कॉम्प्युटर उठला, पण त्यातली वाट निवडणारी सर्व्हिस, म्हणजे तो प्रोग्रॅम, काही उठली नाही. ती तिनं हातानं सुरू केली होती. आपोआप सुरू हो, हे सांगायचं राहिलं होतं. मला वाटलं, ओशाळेल. ती उलट खूश.

"बरं झालं, आत्ताच घावलं. मी हितं बसल्यावर चालतंय, त्यात काय मोठं? मी गेल्यावर चाललं पायजे."

सेटिंगच्या फाइलमधला एक शब्द बदलून तिनं पुन्हा स्विच पाडला. मग खात्रीसाठी आणखी एकदा. सगळं आपसूक उठलं, तेव्हा कुठं बांगड्या हातात चढल्या.

त्यानंतर पावसाळाभर लाइट जात-येत राहिली. तिला फोन करायची वेळच आली नाही. त्यामुळं नावही विचारायचं राहून गेलं.