अर्ध्यातून फिरणारा मास्तर

"अर्ध्यातून शेवटचे कधी परत फिरलात?" चष्मा कपाळावर सरकवून काका हा प्रश्न टाकत आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जूचंद्रला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहत. संशय घेणं हे त्यांचं पगारी काम, पण रविवारीसुद्धा त्यांना ते सोडवत नसे. पापडीच्या बाजारात एका भाजीवालीचं पारडं त्यांनी उलटं करून पाहिलं, तेव्हा ती वैतागली. "भाजीवर पानी मारलंय काका, पारड्यात भूत नाय बसवलं!" काकांनी तरीही पारडं पुसून पाहिलं.

असा माणूस समुद्राच्या तळाशी कशाला जाईल, असं तुम्हालाही वाटेल. मालवणला आम्ही दोघांनी गंमत म्हणून सिलेंडर पाठीला बांधून बुडी मारली, मग रीतसर शिकलो, आणि वेड लागलं. पाण्याखाली तेच माझे जोडीदार. पुढे मला बुडालेल्या जहाजांपर्यंत, खूप खोल जायचं होतं. तिथून काहीही झालं तरी एकदम वर येता येत नाही, वाटेत थांबत थांबत यावं लागतं. हे शिकवणारा मास्तर चुकीचा निवडला तर जिवावरच बेतायचं. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" काका म्हणत.

मुंबईतला पहिला मास्तर आठवड्यात सगळं शिकवणार होता. बुडी अर्ध्यात सोडून कधी फिरलात, हा काकांचा प्रश्न ऐकून तो हसला. "मी? कधीच नाही!"

"ऊठ," काका मला म्हणाले. समोर आलेला चहाही पिऊ दिला नाही.

दुसरा सुट्टीला राजोडीला येई, तिथे त्याला गाठला. तो म्हणाला, "गेल्याच रविवारी."

"का?"

"नको वाटलं. आमच्यात कुणीही, कधीही बुडी थांबवू शकतो. कारण विचारायचं नसतं."

त्याचा रस्ता लांबचा होता. आधी श्वासासाठीच्या वायूंची मिश्रणं, मग दोन-दोन सिलेंडर, मग वर येतानाचे थांबे, आणि प्रत्येक पायरीला भरपूर सराव. एवढं ऐकूनही काका परतताना रिक्षात पुटपुटले, "गोड बोलतोय. बघू."

या दुसऱ्या मास्तरांनी आधी वसईच्या तरणतलावात आमची परीक्षा घेतली. वर आल्यावर ते काकांच्या शेजारी पायरीवर बसले.

"काका, तुम्हाला मी खोल नेणार नाही. तुम्ही सारखा याच्या सिलेंडरमधल्या हवेचा काटा तपासता. स्वतःचा एकदाही पाहिला नाहीत."

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"तोंडावर नाही म्हणाला," शेवटी ते मला म्हणाले. "हाच. याच्याकडेच शीक."

ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मी मात्र शिकलो, सगळ्या पायऱ्या चढलो, आणि एक दिवस एका बुडालेल्या जहाजापर्यंत पोहोचलो. बरोबर नवा जोडीदार होता, शांत आणि तयारीचा. मी मान वळवून पाहिलं. तो शिकवल्याप्रमाणे स्वतःचा काटा बघत होता. मला फार एकटं वाटलं.